रक्तातील इओसिनोफिलची वाढ : कारणमीमांसा आणि सार्वजनिक आरोग्याचे अर्थशास्त्र

प्रस्तावना

छत्तीसगडमधील दुर्ग जिल्ह्यात भिलाई शहराच्या हद्दीत कोहका नावाचा परिसर आहे. एके काळी ते स्वतंत्र खेडे होते. आज तो महानगरपालिका क्षेत्राचा भाग आहे. सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये झालेल्या करारानुसार भिलाई पोलाद प्रकल्प उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. प्रकल्पाबरोबर आखीव सेक्टरांची नगरी वसली. तिच्या बाहेरची कोहका, सुपेला, जुनवानी यांसारखी जुनी गावे मात्र रोजगारासाठी आलेल्या लोकसंख्येबरोबर आपोआप वाढत गेली. या लोकसंख्येत विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही आहेत. दुर्ग, गोंदिया आणि नागपूर ही एकाच लोहमार्गावरची स्थानके असल्याने या कुटुंबांचे येणेजाणे अखंड चालू असते.

अशा वस्तीतील रहिवासी खोकला, अंगावरील खाज किंवा थकवा यांसाठी रक्त तपासून घेतो आणि अहवालात ‘इओसिनोफिल वाढलेले’ अशी नोंद येते. हा आकडा नेमके काय सांगतो? वैद्यकशास्त्र हा प्रस्तुत लेखकाचा विषय नव्हे. तथापि आकड्याचा अर्थ लावणे हे अर्थशास्त्राचे नित्याचे काम आहे. इओसिनोफिलचा आकडा एका व्यक्तीच्या रक्तात मोजला जातो, परंतु त्याची अनेक कारणे त्या व्यक्तीच्या अंगणात, गटारात, शेतात व हवेत असतात. म्हणूनच स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांनी सामान्य विज्ञान आणि सामाजिक विकास या दोन्ही अंगांनी या विषयाचा अभ्यास करावयास हवा.

पेशीची ओळख आणि मोजणी

रक्तातील पांढऱ्या पेशींचे पाच मुख्य प्रकार आहेत : न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट, इओसिनोफिल आणि बेसोफिल. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी १८७९ मध्ये रंगद्रव्यांच्या साहाय्याने या पेशी वेगळ्या ओळखण्याची पद्धत मांडली. इओसिन हे तांबूस रंगद्रव्य ज्या पेशींतील कण शोषून घेतात, त्या इओसिनोफिल होत. या पेशी अस्थिमज्जेत तयार होतात, रक्तात काही तासच राहतात आणि नंतर प्रामुख्याने आतडे, त्वचा व श्वसनमार्ग यांच्या ऊतींमध्ये जातात. त्यांच्या कणांतील प्रथिने कृमींच्या अळ्यांना इजा पोहोचवू शकतात. मात्र हीच प्रथिने प्रमाणाबाहेर स्रवली तर स्वतःच्या शरीरालाही अपाय करतात.

प्रयोगशाळेच्या अहवालात इओसिनोफिलचे प्रमाण बहुधा टक्केवारीत दिलेले असते. येथे सावधगिरी आवश्यक आहे. महत्त्वाची असते ती निरपेक्ष संख्या, आणि ती पुढील सूत्राने मिळते : एकूण पांढऱ्या पेशी × इओसिनोफिलची टक्केवारी ÷ १००. समजा, एका व्यक्तीच्या रक्तात प्रति मायक्रोलिटर ५,००० पांढऱ्या पेशी असून त्यांपैकी ८ टक्के इओसिनोफिल आहेत. तिची निरपेक्ष संख्या ४०० येते. दुसऱ्या व्यक्तीत १२,००० पांढऱ्या पेशींपैकी ६ टक्के इओसिनोफिल आहेत. तिची संख्या ७२० येते. टक्केवारी पहिलीची अधिक असली तरी वाढ दुसरीत आहे. राष्ट्रीय उत्पन्नातील शेतीचा वाटा घटला म्हणजे शेती उत्पादन घटले असे होत नाही, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. येथेही तोच नियम लागू पडतो.

सामान्यतः प्रति मायक्रोलिटर ५०० पर्यंतची संख्या स्वाभाविक मानतात. ५०० ते १,५०० ही सौम्य, १,५०० ते ५,००० ही मध्यम आणि ५,००० च्या वरची ही तीव्र वाढ समजली जाते. स्टेरॉइड औषधांमुळे आणि तीव्र जीवाणुसंसर्गात ही संख्या घटते. त्यामुळे स्टेरॉइड घेतल्यानंतर आलेला स्वाभाविक आकडा मूळ कारण नाहीसे झाल्याचा पुरावा ठरत नाही.

वाढीची प्रमुख कारणे

*१. ॲलर्जी.* दमा, ॲलर्जीमुळे होणारी सर्दी, इसब ही सौम्य वाढीची नेहमी आढळणारी कारणे आहेत. घरातील धुळीतले सूक्ष्म कीटक, परागकण आणि बुरशी हे त्यांचे सामान्य प्रेरक होत. गाजरगवत हे याचे आपल्या परिचयाचे उदाहरण आहे. १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेलेले हे परदेशी तण पुढे देशभर पसरले. त्याच्या संपर्काने त्वचेचा दाह होतो आणि परागकणांमुळे श्वसनमार्गाची ॲलर्जी होते. औद्योगिक परिसरातील धूर व धूळ श्वासनलिकांचा दाह वाढवतात आणि दम्याचा त्रास बळावतो. तथापि प्रत्येक खोकल्याचे व प्रत्येक वाढीव आकड्याचे खापर कारखान्याच्या धुरावर फोडणे शास्त्रीय ठरणार नाही.

*२. आतड्यातील जंत.* गोलकृमी, चाबूककृमी व अंकुशकृमी हे मातीतून पसरणारे कृमी आहेत. उघड्यावरील शौचामुळे त्यांची अंडी मातीत मिसळतात. गोलकृमी व चाबूककृमी यांची अंडी न धुतलेले हात व भाज्या यांच्यावाटे पोटात जातात. अंकुशकृमीची अळी अनवाणी पायाच्या त्वचेतून शरीरात शिरते. कृमी आतड्याच्या पोकळीत स्वस्थ असताना इओसिनोफिल फारसे वाढत नाहीत. त्याच्या अळ्या ऊतींमधून प्रवास करतात तेव्हा वाढ ठळक होते. गोलकृमीच्या अळ्या फुप्फुसांतून जातात त्या काळात खोकला व इओसिनोफिलची वाढ एकत्र दिसते. लॉफ्लर यांनी या अवस्थेचे वर्णन १९३२ मध्ये केले. मलेरिया किंवा अमिबा यांसारख्या एकपेशीय परजीवींमुळे मात्र इओसिनोफिल सहसा वाढत नाहीत. परीक्षार्थींकडून या ठिकाणी अनेकदा चूक होते.

स्ट्राँगिलॉइडिस या कृमीचा उल्लेख स्वतंत्रपणे करावा लागेल. तो शरीरात स्वतःचीच पुनरुत्पत्ती करीत दशकानुदशके राहू शकतो. अशा व्यक्तीला दुसऱ्या आजारासाठी दीर्घकाळ स्टेरॉइड दिले गेले, तर कृमी सर्व अवयवांत पसरून प्राणघातक अवस्था उद्भवू शकते. वाढलेल्या आकड्याचे कारण न शोधता तो केवळ खाली आणण्याचा प्रयत्न किती महाग पडू शकतो, हे यावरून ध्यानात येईल.

*३. फायलेरिया.* हत्तीरोग भारतात मुख्यत्वे वुचेरेरिया बँक्रॉफ्टी या धाग्यासारख्या कृमीमुळे होतो आणि क्युलेक्स डास त्याचा प्रसार करतो. हा डास तुंबलेल्या, घाण पाण्यात वाढतो. काही व्यक्तींमध्ये या कृमीच्या सूक्ष्म अळ्यांविरुद्ध शरीराची प्रतिक्रिया इतकी तीव्र होते की अळ्या रक्तात सापडत नाहीत, परंतु फुप्फुसांना इजा होते. रात्री वाढणारा कोरडा खोकला, धाप आणि बहुधा ३,००० च्या वर गेलेले इओसिनोफिल ही या विकाराची लक्षणे होत. त्याला उष्णकटिबंधीय फुप्फुसी इओसिनोफिलिया म्हणतात.

या विकाराचा शोध बऱ्याच अंशी भारतात लागला. मदनपल्लीजवळच्या आरोग्यवरम येथील क्षयरोग आरोग्यधामात फ्रिमॉट-म्योलर व बार्टन यांनी १९४० मध्ये क्षयासारखा भासणारा, परंतु इओसिनोफिलच्या वाढीसह येणारा आजार नोंदवला. १९४३ मध्ये वाइनगार्टन यांनी त्याला नाव दिले. १९६० मध्ये वेल्लोर येथील संशोधकांनी अशा रुग्णांच्या फुप्फुस, यकृत व लसिकाग्रंथींच्या ऊतींमध्ये फायलेरियाच्या सूक्ष्म अळ्या दाखवून दिल्या. आजही हा विकार दमा किंवा क्षय समजून दीर्घकाळ भलतेच उपचार होण्याची शक्यता असते. वस्तुतः डायइथाइलकार्बामाझिन, म्हणजेच डीईसी, या स्वस्त औषधाचा वैद्यकीय देखरेखीखालील सुमारे तीन आठवड्यांचा उपचार बहुतेकांना गुण देतो. उपचार न झाल्यास फुप्फुसे कायमची निकामी होऊ लागतात. छत्तीसगड आणि पूर्व विदर्भ या दोन्ही प्रदेशांत हत्तीरोगग्रस्त जिल्हे असल्याने कोहकासारख्या वस्तीत या शक्यतेचा विचार करणे अगत्याचे आहे.

*४. औषधे.* अपस्मारावरील काही औषधे, सल्फायुक्त औषधे, काही प्रतिजैविके आणि ॲलोप्युरिनॉल यांच्या प्रतिक्रियेतून इओसिनोफिल वाढतात. सोबत ताप व अंगभर पुरळ असल्यास ती तातडीची अवस्था समजावी.

*५. इतर कारणे.* ॲस्परजिलस बुरशीची फुप्फुसातील ॲलर्जी, रक्तवाहिन्यांचा दाह, अधिवृक्क ग्रंथींची अकार्यक्षमता, रक्ताचे व लसिकाग्रंथींचे काही कर्करोग ही कमी आढळणारी कारणे आहेत. १,५०० च्या वरची वाढ टिकून राहिल्यास हृदयासह अन्य अवयवांची तपासणी करावी लागते.

एकच आकडा, भिन्न अर्थ

कारणांची यादी पाठ करणे सोपे आहे. त्यांतून संभाव्य कारण निवडणे अवघड आहे. या निवडीसाठी संभाव्यता सिद्धांतातील एक तत्त्व उपयोगी पडते : पुराव्याचा अर्थ त्या ठिकाणी रोगाचे मूळ प्रमाण किती आहे, यावर अवलंबून असतो.

छत्तीसगडचेच उदाहरण घेऊ. शासकीय आकडेवारीनुसार या राज्यातील मुलांमध्ये मातीतून पसरणाऱ्या कृमींचे प्रमाण २०१६ मध्ये ७४.६ टक्के होते. २०१८ मध्ये ते १३.९ टक्क्यांवर आले. हे आकडे संपूर्ण राज्याचे आहेत, एखाद्या वस्तीचे नव्हेत. आता केवळ गणितासाठी असे गृहीत धरू की, जंत असलेल्या १०० मुलांपैकी ६० मुलांत इओसिनोफिल वाढतात आणि जंत नसलेल्या १०० मुलांपैकी १० मुलांत ते अन्य कारणाने वाढलेले असतात.

पहिल्या परिस्थितीत १,००० मुलांपैकी सुमारे ७५० मुलांना जंत आहेत. त्यांपैकी ४५० मुलांचा आकडा वाढलेला असेल. उरलेल्या २५० मुलांपैकी २५ मुलांचा. म्हणजे वाढलेला आकडा असलेल्या ४७५ मुलांपैकी ४५० मुलांना, अर्थात सुमारे ९५ टक्के मुलांना, जंत असतील. दुसऱ्या परिस्थितीत जंत असलेली मुले १४० आहेत. त्यांपैकी ८४ मुलांचा आकडा वाढलेला असेल आणि उरलेल्या ८६० मुलांपैकी ८६ मुलांचा. एकूण १७० मुलांपैकी जंत असलेली ८४, म्हणजे सुमारे ४९ टक्के.

तपासणी तीच, आकडाही तोच; परंतु मूळ प्रमाण घटताच त्याचा अर्थ बदलला. ज्या परिस्थितीत अहवाल पाहून ‘जंतच असतील’ हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर ठरला असता, त्याच गावात पुढे तो निम्म्या वेळा चुकेल. सार्वजनिक आरोग्याचे यश असे निदानाची पद्धतही बदलावयास भाग पाडते. म्हणूनच राहण्याचे ठिकाण, प्रवास, व्यवसाय, घेतलेली औषधे आणि खोकल्याची वेळ यांची विचारपूस, त्यानंतर शौचतपासणी व गरजेनुसार फायलेरियाची रक्तचाचणी हा क्रम महत्त्वाचा ठरतो. फायलेरियाच्या रक्तचाचण्यांवर वर्ध्याजवळील सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत झालेले संशोधन या संदर्भात उल्लेखनीय आहे.

जंतनाशक गोळी आणि बाह्य परिणाम

एखाद्या मुलाने जंतनाशक गोळी घेतली तर त्याचा लाभ त्याच्यापुरता मर्यादित राहत नाही. त्याच्याकडून मातीत जाणारी अंडी कमी होतात आणि शेजारच्या मुलांचाही धोका घटतो. अर्थशास्त्रात याला धन बाह्य परिणाम म्हणतात. कुटुंब स्वतःच्या लाभापुरताच विचार करीत असल्याने अशा वस्तूची खासगी मागणी समाजाच्या गरजेपेक्षा कमी राहते. शासनाने ती विनामूल्य पुरविण्याचे समर्थन यातून मिळते.

केनियातील ७५ शाळांमध्ये एडवर्ड मिगेल व मायकेल क्रेमर यांनी केलेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. जंतनाशक उपचारामुळे शाळेतील गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने घटली आणि उपचार न घेतलेल्यांनाही लाभ झाला, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यांच्याच पुढील अभ्यासात गोळीसाठी अल्पसे शुल्क आकारताच ती घेणाऱ्यांचे प्रमाण ७५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर घसरल्याचे आढळले. क्रेमर यांना २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. २०१५ मध्ये या अभ्यासाच्या पुनर्विश्लेषणावरून मोठा वाद झाला, हेही विद्यार्थ्यांना माहीत असावे. सामूहिक जंतनिर्मूलनाचा वजन व शालेय प्रगती यांवरील सरासरी परिणाम किती, याबाबत तज्ज्ञांत मतभेद आहेत.

भारतात फेब्रुवारी २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. पहिल्या फेरीतील ११ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत छत्तीसगड व महाराष्ट्र या दोहोंचा समावेश होता. १ ते १९ वर्षे वयोगटाला शाळा व अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. फेऱ्यांच्या नियोजित तारखा १० फेब्रुवारी व १० ऑगस्ट अशा आहेत. छत्तीसगडमधील वर नमूद केलेली घट याच काळातील आहे. परंतु आंध्र प्रदेशात अनेक फेऱ्यांनंतरही हे प्रमाण २०१६ मधील ३६ टक्क्यांवरून २०१९ मध्ये ३४.३ टक्क्यांवरच आले. या तुलनेतून दोन धडे मिळतात. पहिला, एखाद्या योजनेनंतर झालेला बदल सर्वस्वी त्या योजनेमुळेच झाला असे मानू नये. त्याच काळात शौचालये, पाणीपुरवठा, पादत्राणांचा वापर हेही बदलत असते. दुसरा, गोळी शरीरातील जंत काढते, मातीतील अंडी काढत नाही. गोलकृमीची अंडी मातीत वर्षानुवर्षे टिकू शकतात. स्वच्छता नसेल तर पुनःसंसर्ग अटळ असतो.

हत्तीरोग निर्मूलन : लांबत गेलेले उद्दिष्ट

राष्ट्रीय फायलेरिया नियंत्रण कार्यक्रम १९५५ मध्ये, म्हणजे भिलाईच्या करारवर्षीच, सुरू झाला. राष्ट्रीय आरोग्य धोरण, २००२ ने निर्मूलनासाठी २०१५ हे वर्ष ठरविले. २००४ पासून बाधित जिल्ह्यांत वर्षातून एकदा सर्व पात्र लोकसंख्येला डीईसी देण्याची सामुदायिक औषधोपचार मोहीम सुरू झाली. पुढे तिला अल्बेंडाझोलची जोड मिळाली. २०१८ च्या अखेरीपासून आयव्हरमेक्टिनसह तीन औषधांचा उपचार टप्प्याटप्प्याने आणला गेला आणि २०१९ च्या प्रारंभी नागपूर जिल्हा त्याच्या पहिल्या जिल्ह्यांपैकी एक ठरला. राष्ट्रीय आरोग्य धोरण, २०१७ मध्ये २०१७ हे वर्ष होते. त्यानंतर २०२७ हे वर्ष निश्चित करण्यात आले. दरम्यान, मालदीव व श्रीलंका यांनी २०१६ मध्ये आणि थायलंडने २०१७ मध्ये निर्मूलनाचे प्रमाणपत्र मिळविले.

उद्दिष्ट वारंवार का लांबते? निरोगी वाटणाऱ्या माणसाला गोळी घेण्याची गरज भासत नाही. वाटलेली गोळी व प्रत्यक्ष गिळलेली गोळी यांत अंतर राहते. शिवाय गटारांची बांधणी ही आरोग्य विभागाची नव्हे, तर नगरपालिकेची जबाबदारी असते. डास मात्र विभागांच्या हद्दी मानत नाही. कोहकासारखे परिसर खेडे म्हणून शेतीची माती आणि शहर म्हणून तुंबलेली गटारे असा दुहेरी वारसा वाहतात. ग्रामीण व नागरी योजनांमधील फटीत ते सहज निसटतात.

खर्च कोणाचा?

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चात नागरिकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांपर्यंत उतरला. ही सुधारणा मोलाची असली तरी चुकीच्या निदानाचा खर्च त्यात स्वतंत्रपणे दिसत नाही. खोकल्याची निरनिराळी औषधे, वारंवार क्ष-किरण तपासणी आणि बुडालेली मजुरी यांचा भार रुग्ण सोसतो. ज्या कारणाचा उगम सार्वजनिक आहे, त्याची किंमत अशा प्रकारे खासगी होते. मुलांच्या बाबतीत ती भविष्यातून वसूल होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार ६ ते ५९ महिने वयाची ६७.१ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त होती. आहारातील लोहाचा अभाव हे त्याचे मोठे कारण असले तरी रक्त शोषणारा अंकुशकृमी त्यात भर घालतो.

समारोप

इओसिनोफिलची वाढ हा रोग नव्हे, ती सूचना आहे. व्यक्तीच्या पातळीवर तिचे उत्तर म्हणजे निरपेक्ष संख्या काढणे, वैद्यकीय सल्ल्याने कारण शोधणे आणि कारण कळण्यापूर्वी स्वतःच्या मनाने स्टेरॉइड न घेणे. समाजाच्या पातळीवर तिचे उत्तर शौचालय, वाहती गटारे, शुद्ध पाणी आणि मोहिमेच्या दिवशी समोर गिळलेली गोळी हे आहे. पोलादाचे उत्पादन टनांत मोजता येते. त्या पोलादनगरीच्या कडेला राहणाऱ्या मुलाच्या रक्तातील एका थेंबावरून विकास त्याच्या अंगणापर्यंत पोहोचला की नाही, याचाही अंदाज घेता येतो. प्रशासनात जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी ही दोन्ही मापे वाचावयास शिकले पाहिजे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. एका व्यक्तीच्या रक्तात प्रति मायक्रोलिटर ९,००० पांढऱ्या पेशी असून इओसिनोफिल ७ टक्के आहेत. निरपेक्ष संख्या काढा व ती स्वाभाविक आहे का ते सांगा.

२. मलेरिया, गोलकृमी, दमा आणि फायलेरिया यांपैकी कोणत्या आजारात इओसिनोफिल सहसा वाढत नाहीत?

३. रोगाचे मूळ प्रमाण घटल्यास त्याच तपासणीचा अर्थ कसा बदलतो, ते उदाहरणाने स्पष्ट करा.

४. ‘जंतनाशक गोळी विनामूल्य देणे आर्थिकदृष्ट्या समर्थनीय आहे.’ बाह्य परिणामांच्या संदर्भात चर्चा करा आणि या धोरणाच्या मर्यादा नोंदवा.